जिप्सीचं जाम झालेलं स्टेअरिंग आणि रबाळ्याचे काका: पाचपैकी साडेचार

आधीच सांगतो, गॅरेजचं नाव आणि नंबर टाकत नाहीये. काका स्वतःच म्हणाले, "लिव्हायचं तर लिव्हा साहेब, पण नंबर नका टाकू, माझ्याकडं जागा दोन गाड्यांची आणि फोन उचलायला माणूस नाय." मग रिव्ह्यू कशाला, असं विचाराल तर ज्याची कोणाची जुनी फोर बाय फोर वर्षानुवर्षं उभी राहून स्टेअरिंग दगड झालंय त्याला निदान कळावं की हे काम नीट करणारा माणूस कसा काम करतो आणि पैसे नक्की कशाचे घेतो. शोधायचंच असेल तर रबाळे एमआयडीसीत शिरा, पत्र्याची शेड, दारात एका जुन्या जीपचा गंजका ॲक्सल आडवा टाकलेला आहे आणि त्यावर कायम एक मांजर बसलेलं असतं. सापडेल.

गाडी म्हणजे मामाची जिप्सी किंग, १९९८ ची, १३०० ची कार्ब्युरेटरवाली. मामाने ही गाडी हौसेने वापरली, म्हणजे जरा जास्तच हौसेने, दर हिवाळ्यात नागाव नाहीतर काशिद ठरलेलं आणि तिथे गेल्यावर गाडी वाळूत, पाण्याच्या कडेकडेने, फोटो वगैरे. परत आल्यावर वरून चकाचक धुवायची, खालून कोण धुतंय. खारं पाणी खाली तसंच. मग २०२० च्या मार्चमध्ये गाडी जी कळव्याला पारसिकनगरला बिल्डिंगच्या मागे आंब्याखाली उभी राहिली ती राहिलीच. मामाचे गुडघे गेले, गाडी माझ्या नावावर करायचं ठरलं, तोवर आरसी २०२३ ला संपलेली, ती वेगळीच कटकट. पाच पावसाळे खाल्ले गाडीने. इंजिन गंमत म्हणजे दोन दिवसात सुरू झालं, टाकी साफ, कार्ब्युरेटर साफ, नवी बॅटरी, झालं. स्टेअरिंग मात्र हलेना. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि मग असं वाटायचं की खाली कोणीतरी चाक धरून बसलंय.

पहिल्यांदा घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली, नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाहीये, पण त्याने जे केलं ते सांगायलाच पाहिजे कारण पुढचं अर्धं काम तेच निस्तरण्यात गेलं. तो गाडीखाली गेला, स्प्रे मारला, पाच मिनिटं थांबला (मोजून पाच, मी तिथेच उभा होतो) आणि टाय रॉडच्या (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या नळीच्या) चेक नटाला पाना लावून त्यावर पाइप घालून ओढायला लागला. नट हलेना म्हणून अजून लांब पाइप. नट गोल झाला. मग गॅस पेटवला आणि थेट टोकाच्या बॉल जॉइंटवरच, म्हणजे फिरत्या सांध्यावरच, ज्योत धरली, रबर बूट जळून थेंब थेंब खाली, आतलं ग्रीस धूर होऊन बाहेर. आणि मग निकाल दिला की "पूर्ण ॲक्सल बदलावा लागेल, मी बघतो कुर्ल्याला सेकंडहँड मिळतो का." मी गाडी बंद केली आणि घरी आलो. त्याच्या अंगणातून माझ्या अंगणात गाडी ढकलताना सोसायटीचे दोन वॉचमन आणि एक कुरिअरवाला लागला.

काकांचं नाव कळलं ते ऑफिसमधल्या एकाकडून, त्याच्याकडे जुनी महिंद्राची जीप आहे. फोन केला, तीन दिवस उचलला नाही, चौथ्या दिवशी स्वतःच केला आणि पहिला प्रश्न विचारला, "हातोडा मारलाय का कुणी?" मी म्हटलं गॅस मारलाय. पलीकडून नुसता सुस्कारा.

टोइंगवाल्याची पण वेगळीच कथा. पुढची चाकं थोडी डावीकडे वळलेल्या अवस्थेत अडकलेली, त्यामुळे फ्लॅटबेडवर सरळ चढेना, प्रत्येक वेळी गाडी कडेला जायची, शेवटी पुढच्या चाकांखाली साबणाचं पाणी टाकून घसटत चढवली. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून जाताना मी पुढच्या रिक्षात बसून मागे बघत होतो की वरचं हूड घासतंय की काय. नाही घासलं. अडीच हजार रुपये, रोख.

आता काकांबद्दल. एसटीत तीस वर्षं फिटर होते, रिटायर होऊन ही शेड टाकली. बोलणं साताऱ्याकडचं. गाडी उतरवल्यावर लगेच हात लावला नाही, चहा घेतला, गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "घाई आसल तर आत्ताच सांगा, दुसरीकडं न्या. मी थांबायचे पैसे घेतो." मला वाटलं गंमत करतायत. नव्हते करत. पुढचे नऊ दिवस मी ते वाक्य रोज आठवत होतो.

पहिलं काम त्यांनी केलं ते म्हणजे नेमकं जाम काय आहे ते शोधणं, आणि इथेच मला फरक कळला. पहिल्या गॅरेजवाल्याने हे केलंच नव्हतं. पुढचा ॲक्सल दोन्ही बाजूंनी स्टँडवर घेतला, चाकं अधांतरी, आणि म्हणाले आधी ड्रॅग लिंक, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी सळी, ड्रॉप आर्मपासून सुटा करायचा. (स्टेअरिंग बॉक्सच्या खाली जो दांडा असतो, ज्याला पुस्तकात पिटमन आर्म म्हणतात, त्याला हे एसटीवाले ड्रॉप आर्म म्हणतात, मी पण आता तेच म्हणतो.) ड्रॅग लिंक सुटा झाला की दोन वेगळे भाग होतात. वर स्टेअरिंग फिरवून बघायचं, मोकळं फिरलं तर कॉलम आणि बॉक्स बरा, अडकलं तर दोष वरचा. खाली हाताने चाक धरून वळवायचं, नाही वळलं तर दोष नकलमध्ये, म्हणजे चाक ज्याच्यावर वळतं त्या सांध्यात. साधं आहे, पण हे न करता लोक स्टेअरिंग बॉक्स बदलून येतात आणि जाम तसाच राहतो.

पण तो जॉइंट सुटणार कसा. जॉइंटचा जो खिळा असतो तो निमुळता असतो, टेपर, आणि निमुळत्या भोकात घट्ट बसलेला असतो, नट काढला तरी तो सुटत नाही, वर पाच वर्षांचा गंज. मी घरून ऑनलाइन मागवलेला तो काट्यासारखा चिमटा घेऊन गेलो होतो, जो जॉइंट आणि आर्मच्या मध्ये ठोकतात. काकांनी बघितला आणि बाजूला ठेवला. "ह्यानं रबर फाटतं. जॉइंट फेकायचा आसल तर वापरा." मग त्यांनी जे केलं ते मी तीन वेळा बघितलं तरी मला जमलं नाही. नट काढून बाजूला ठेवला नाही, उलटा करून खिळ्याच्या टोकाशी सपाट येईल इतका परत लावला, म्हणजे आटे ठोकून चपटे होऊ नयेत आणि जॉइंट सुटला तर उडून तोंडावर येऊ नये. मग खालून पुलरने (पार्ट खेचून काढायचं अवजार) थोडा ताण दिला, फार नाही. मग आर्मच्या डोळ्याला, म्हणजे ज्या गोल भागात खिळा बसतो त्याला, एका बाजूने जड घण टेकवून धरला आणि समोरच्या बाजूने दीड किलोच्या हातोडीने मारलं. खिळ्यावर नाही हां, डोळ्याच्या कडेवर. टण्. टण्. टण्. घंटेसारखा आवाज. चौथ्या की पाचव्या घावाला आवाज बदलला, टण् च्या जागी टप्प, कोणी ओल्या पोत्यावर मारल्यासारखा, आणि जॉइंट खाली लोंबकळला. काका म्हणाले, "आवाज बदलला की सुटला समजायचं, बघायची गरज नाय."

टाय रॉडचं एक टोकपण असंच सुटल्यावर कळलं ते असं: स्टेअरिंग वरती फिरत होतं, थोडं खरखरीत पण पूर्ण फिरत होतं. उजवं चाक जड, पण हलत होतं. डावं चाक मात्र भिंतीत चिणल्यासारखं. म्हणजे खरा गुन्हेगार डावा नकल, आणि टाय रॉड जाम असल्यामुळे अलाइनमेंट पण होणार नाही. ॲक्सल बदलायची गरज शून्य. इथेच माझे कितीतरी हजार वाचले, हे लिहून ठेवतो.

मग सुरू झालं थांबणं. काकांकडे एका पाण्याच्या बाटलीत लालसर द्राव असतो, ऑटो गिअरच्या गाडीत टाकतात ते तेल आणि ॲसिटोन अर्धं अर्धं. वापरायच्या आधी प्रत्येक वेळी हलवायचं कारण ते दोन नीट मिसळत नाहीत, जरा ठेवलं की वेगळे होतात. मी म्हटलं स्प्रे आहे ना माझ्याकडे, डब्ल्यूडी-४०. ते हसले नाहीत, उलट म्हणाले चांगला आहे, पण त्याचं काम वेगळं. आणि हे खरंच आहे, मी नंतर वाचलं, ते नावच मुळात पाणी हटवण्यासाठीच्या चाळिसाव्या प्रयोगाचं आहे, १९५३ साली अमेरिकेत सान डिएगोला रॉकेटच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून बनवलेलं. ओल हटवायला, किरकोळ चिकटलेलं सोडवायला ठीक, पण आट्यांच्या आत घट्ट बसलेल्या गंजात खोल शिरायला पातळ आणि हळू सरकणारं तेल लागतं, आणि मुख्य म्हणजे लागतो वेळ. सकाळी थेंब टाकायचे, वर हलकेच ठोकायचं (हलकेच, म्हणजे कुकरचं झाकण बसवताना मारतो तसं), संध्याकाळी परत थेंब. तीन दिवस. मी रोज ऑफिसवरून उतरून बघायला जायचो, काही दिसायचं नाही, पोरगा थेंब टाकताना दिसायचा फक्त. त्यांचा पुतण्या आहे तो, शांत पोरगा, कानात इअरफोन.

तिसऱ्या दिवशी टाय रॉड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टाय रॉड म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी नळी, तिच्या दोन्ही टोकांना एकेक एंड स्क्रूसारखा बसतो आणि चेक नटने आवळतात. एका टोकाला नेहमीचे आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे, म्हणजे नळी नुसती फिरवली की दोन्ही एंड एकाच वेळी आत किंवा बाहेर सरकतात आणि चाकांचं अंतर कमी जास्त होतं. पहिल्या गॅरेजवाल्याने उलट्या आट्याचा चेक नट सरळ आट्याचा समजून पाइप लावून ओढला होता, म्हणजे तो सोडवत नव्हता, अजून आवळत होता! काकांनी नट बघितला, माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. पांढऱ्या ऑइल पेंटने उलट्या बाजूला एक पट्टा मारला आणि पुतण्याला म्हणाले, "हे बग, पांढरं म्हणजे उलटं."

एंड तर फेकायचेच होते, जळलेले, पण नळी वाचवायची होती. आधी ते तेलाचं मिश्रण कपड्याने पूर्ण पुसून काढलं कारण ते ज्वलनशील आहे आणि आता गॅस येणार होता (पुसून झाल्यावर परत दहा मिनिटं वाऱ्याला ठेवलं, बाटली शेडच्या बाहेर नेऊन ठेवली). मग गोल झालेला नट छिन्नीने उभा चिरला. आणि मग गॅस, पण जॉइंटवर नाही, नळीच्या टोकावर, जिथे आटे आहेत तिथे बाहेरून चौफेर. लाल नाही करायचं. रंग आधी पिवळसर मग निळसर दिसायला लागला की ज्योत बाजूला. बाहेरची नळी तापून फुगते आणि आतला आटा अजून तितका तापलेला नसतो, तेवढ्या वेळात गंजाची पकड तुटते. आणि मग त्यांनी खिशातून मेणबत्ती काढली. खरंच, लाइट गेल्यावर लावतो ती पांढरी मेणबत्ती. गरम आट्याच्या कडेला टेकवली आणि मेण वितळून आत ओढलं गेलं, मी डोळ्यांनी बघितलं, कडेवर थांबलंच नाही, सरळ आत, थोडा धूर, देवघरासारखा वास. दोन मिनिटांनी पाइप पाना लावला, आधी एक चिमूटभर आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या. कर्र् असा आवाज आणि हलला. पुढे मागे, पुढे मागे, प्रत्येक वेळी थोडा जास्त. घाईने एकाच दिशेने फिरवलं तर निघालेला गंज आट्यात जमा होऊन परत अडकतो म्हणे. फेरे मोजत होते, बाहेर आला तेव्हा पुतण्याने भिंतीवर खडूने लिहिलं: डावा साडेसतरा, उजवा सतरा. नवे एंड तितक्याच फेऱ्यांनी आत घालायचे म्हणजे अलाइनमेंटवाल्याकडे जाईपर्यंत गाडी निदान सरळ चालते. त्या भिंतीवर मागच्या किती गाड्यांचे आकडे आहेत ते मोजायचा प्रयत्न केला, सोडून दिला.

ड्रॉप आर्म काढायचा होता कारण बॉक्सच्या खालचं ऑइल सील गळत होतं, तिथूनच पाणी आत गेलेलं. हा आर्म दातेरी निमुळत्या शाफ्टवर बसतो आणि भयंकर घट्ट असतो. आधी शाफ्ट आणि आर्म दोघांवर मिळून पंचने खूण केली, कारण परत बसवताना एक दात चुकला तर स्टेअरिंग वाकडं येणार. मी विचारलं गॅस का नाही मारत इथे पण. इथे काकांचा आवाज पहिल्यांदा चढला. "हा आर्म घडीव हाये, त्याला पाणी दिलेलं आस्तं. लाल केला की मऊ होतो. वाकंल नायतर तुटंल, आन् तुटंल तवा तुमी घाटात आसाल." टाय रॉडच्या नळीला सौम्य गरम करणं वेगळं आणि आर्म लाल करणं वेगळं. स्टेअरिंगच्या पार्टला वेल्डिंग पण ते मारत नाहीत, कोणी कितीही पैसे दिले तरी. मला हे ऐकून बरं वाटलं, आणि थोडी भीती पण वाटली की पहिल्या गॅरेजमध्ये अजून अर्धा तास थांबलो असतो तर.

तर त्यांनी काय केलं, दोन पायांचा पुलर लावला, नट दोन आटे सैल करून तिथेच ठेवला, पुलर आवळला, आर्मच्या कडेला दोन घाव दिले, परत पाव फेरा आवळला, परत दोन घाव. हलला नाही. सात वाजले. मला वाटलं आता मोठा घण काढतील. हात पुसले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. रात्री त्योच इचार करंल." आणि शटर खाली. मी वैतागून घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पुतण्याचा फोटो आला, नुसता फोटो, मेसेज नाही: आर्म खाली सरकून नटावर टेकलेला. रात्रीतून कधीतरी ताण आणि थंडावा मिळून आपणहून सुटला. हे मी घरी सांगितलं तर बायको म्हणाली तुझ्यावर पण हाच उपाय करायला पाहिजे.

सगळ्यात अवघड डावा नकल निघाला. जिप्सीला पुढे अखंड ॲक्सल, त्याच्या टोकाला लोखंडी गोळा, त्या गोळ्यावर नकल बसतो आणि वर एक किंग पिन, खाली एक किंग पिन, दोन्हीकडे छोटं निमुळतं बेअरिंग. मागून गोळ्याला गोल सील असतं जे चिखल पाणी आत जाऊ देत नाही, असं असायला पाहिजे. आमचं सील कधीच फाटलेलं. किंग पिनचे वरचे चार बोल्ट, तीन निघाले, चौथा तुटला. तुटलेल्या बुंध्यावर एक नट ठेवून नटाच्या आतून वेल्डिंग मारलं (हा बोल्ट स्टेअरिंगचा पार्ट नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाले "हा फेकायचाय, बसवायचा नाय") आणि तो नट पान्यात धरून फिरवला, वेल्डिंगच्या उष्णतेनेच बोल्ट मोकळा झालेला. किंग पिन उचलला तर आत ग्रीस नाहीच, कॉफीच्या गाळासारखा चोथा, तांबडा. खालच्या बेअरिंगची बाहेरची रिंग काकांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले बोट फिरवा. नखाला खाचा लागत होत्या, एकेक रोलरची एकेक खाच, गाडी सरळ ठेवून वर्षानुवर्षं एकाच जागी भार आल्याने पडलेल्या. शेवटी शेवटी मामा म्हणायचा की स्टेअरिंग मधोमध आलं की "क्लिक" केल्यासारखं बसतं, त्याला ते फीचर वाटायचं. तो हा रोग.

बेअरिंग दोन्ही बाजूंची बदलली, सील बदलली, गोळ्यावरचा गंज पॉलिश पेपरने घासून काढला पण खड्डे राहिले, ते पुढे सांगतो. बसवताना शिमा असतात, पातळ पत्रे, किंग पिनच्या खाली, त्या कमी जास्त करून नकल किती घट्ट फिरायला पाहिजे ते ठरतं. मला वाटलं अंदाजाने करतील. काकांनी खुंटीवरचा रद्दीवाल्याचा असतो तसा स्प्रिंग काटा काढला, सील न लावता नकलच्या टोकाला हुक अडकवला आणि ओढला. काटा सव्वा-दीड किलोपर्यंत गेला आणि नकल हळूच फिरला. "एक ते पावणेदोनच्या मधी पायजे. त्याच्यावर गेला तर जड, खाली आला तर पुढचं चाक थरथरतं." उजव्या बाजूला पहिल्यांदा अडीच आला, एक शिम वाढवली, परत ओढला. ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांना पाच स्टार द्यायला तयार होतो. कॉलर न लावलेला, बनियनवरचा माणूस रद्दीच्या काट्याने शिम लावतोय, आणि ज्याच्याकडे लिफ्ट, एसी आणि कॉफी मशीन आहे तो पाइप लावून उलटा नट आवळतोय.

स्टेअरिंग बॉक्समध्ये नव्वद नंबरचं तेल काढलं तर दुधाळ, पाणी मिसळलेलं, दोनदा धुवून नवीन भरलं. वरचा ॲडजस्टिंग स्क्रू मात्र त्यांनी हात लावला नाही, थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, राहिला तरी. लोक प्ले घालवायला तो आवळतात आणि मग मधोमध स्टेअरिंग घट्ट होतं. म्हणाले हजार किलोमीटर चालवा मग बघू.

एकूण नऊ दिवस. चार सांगितले होते. मजुरी अकरा हजार, पार्ट आठ हजार चारशे (चार एंड, किंग पिन बेअरिंग, सील, बोल्ट, ग्रीस, तेल). पार्टची बिलं दुकानाची दिली, मजुरीचं बिल डायरीच्या पानावर, छापील बिल नाही, ज्यांना कंपनीकडून क्लेम वगैरे करायचाय त्यांनी आधी बोलून घ्या. आणि अकरा हजार जास्त वाटतील, मला पण वाटले, मी थोडी घासाघीस केली. तर काका म्हणाले, "हातोडा मारायचे दोन हजार. बाकी न मारायचे." पाचशे कमी केले मग.

गाडी घेऊन निघालो, ठाणे-बेलापूर रोडला लागलो आणि ऐरोलीच्या सिग्नलला उजवीकडे वळलो. वळल्यावर हात सैल सोडला आणि स्टेअरिंग आपणहून सरळ झालं. ज्यांची गाडी चांगली आहे त्यांना ह्यात काय विशेष ते कळणार नाही. मामाच्या काळात पण वळवल्यावर हाताने ओढून सरळ करावं लागायचं, आम्हाला वाटायचं जिप्सी अशीच असते. दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट केलं, टो-इन (पुढची चाकं समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली ठेवणं) चार मिलीमीटरवर ठेवलं, मशीनवाल्याने विचारलं कोणी केलंय काम, जवळजवळ बरोबरच आहे म्हणाला. ते साडेसतरा आणि सतरा फेरे.

अर्धा स्टार का कापला ते पण सांगतो. फोन उचलत नाहीत, काही म्हणजे काही कळत नाही, रोज जाऊनच बघावं लागतं. बसायला एक टायर आहे. दुपारी एक ते अडीच बंद, आणि बंद म्हणजे बंद, मी एकदा एक वाजून पाच मिनिटांनी गेलो तर शटरच्या आतून "अडीचला" असा आवाज आला. पावसात शेडसमोर चिखल असतो, ऑफिसच्या बुटात जाऊ नका. आणि दिवस सांगतील त्याचा दुप्पट धरा, हे मात्र त्यांना आधीच सांगायला हरकत नव्हती.

घरच्या घरी करणाऱ्यांना एवढंच, नुसत्या स्प्रेवर न थांबता गंजात शिरणारं पातळ तेल घ्या, पुलर चांगला जाड घ्या (मी स्वस्तातला घेतला होता, त्याचा पाय पहिल्याच आवळण्यात वाकला, नशीब तोंडावर नाही आला), तो काट्याचा चिमटा घेऊ नका, आणि गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावाच. हातोडीचे घाव खाली बसलेल्या माणसाने मारले की गाडी हलते, काकांकडे पण स्टँडखाली लाकडाचा ठोकळा असायचाच. आणि समुद्रावर गेलात तर परत आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा आणि ग्रीस भरायच्या निपलला ग्रीस मारा. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "आता सांगतोयस?"

एक गोष्ट राहिली. डाव्या नकलच्या गोळ्यावरचे खड्डे पूर्ण गेले नव्हते, त्यामुळे नवीन सीलच्या कडेने पंधरा दिवसांनी थोडं ग्रीस दिसायला लागलं, फार नाही, बोटाला लागेल इतकं. काकांना दाखवलं. त्यांनी बोटाने पुसलं, वास घेतला, ॲक्सलचं तेल नाहीये ना ते बघितलं (आतलं सील गेलं तर ॲक्सलचं तेल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतं, ते वेगळं आणि मोठं काम), आणि म्हणाले नुसतं ग्रीस आहे, पावसाळ्यापर्यंत चालवा, मग गोळ्याचे खड्डे भरून घासून देतो. किती दिवस लागतील विचारलं. "चार," म्हणाले. मी आठ दिवसांची रजा टाकून ठेवलीय.